मॅडमची उत्तरेकडची खोली

तिला घरात सगळे मॅडम म्हणतात, आईवडीलसुद्धा. हे नाव नोकरीमुळे पडलेलं नाही. दुसरीत असताना ती धाकट्या बहिणीला जिन्याच्या पायरीवर बसवून हजेरी घ्यायची आणि हजेरीत एकच नाव असूनही रोज करड्या आवाजात विचारायची, "आज गैरहजर कोण आहे?" तेव्हापासून ती मॅडम. धाकटी एका जागी क्षणभर ठरायची नाही, म्हणून ती भिंगरी. पुढे दोघी माझ्या वर्गात आल्या. आता मी निवृत्त झाले आहे आणि त्यांच्या समोरच्या दारात राहते, त्यामुळे या घरातलं भांडण आणि फोडणी दोन्ही माझ्यापर्यंत वेळेवर पोचतात. उरलेलं मॅडमने मला स्वतः सांगितलं आहे.

मॅडम एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहे. तिचं काम काय, असं आईला विचारलं तर ती म्हणते, "कॉम्प्युटरवर असतं काहीतरी, पण फार मोठं असतं." मला मॅडमने ते नीट समजावून दिलं. आपण तक्रार करायला फोन करतो आणि पलीकडून नुसतं संगीत वाजत राहतं, त्या ताटकळण्याचा ती अभ्यास करते. किती वेळ वाजवलं की माणूस चिडतो, आणि आणखी किती वेळ वाजवलं की तो दमून फोन ठेवतो, हे ती हिशेब मांडून सांगते. कंपन्यांना हे ज्ञान फार मोलाचं वाटतं. राहतं घर तिच्याच पगारातून झालं, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशनही. तिने त्याचा कधी गवगवा केला नाही. तो दुसऱ्या कुणीतरी करावा, एवढीच तिची इच्छा होती.

तशी वेळ येणार, तेवढ्यात भिंगरीने नोकरी सोडली.

भिंगरीही अशाच एका कंपनीत होती. तिथल्या एका मैत्रिणीचा डोळा आजारपणात काढावा लागला. कृत्रिम डोळा करून घ्यायला ती निघाली तेव्हा सोबत म्हणून भिंगरी गेली. एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर, एक म्हातारे गृहस्थ डोळे तयार करायचे. सगळे त्यांना डोळेवाले काका म्हणत. काका मैत्रिणीसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि तिच्या चांगल्या डोळ्याकडे बघत, सदऱ्याच्या बटणाएवढ्या चकतीवर, केसासारख्या कुंचल्याने बुबुळ रंगवू लागले. मग पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू सोडवून सोडवून चिकटवले, शिरांसारखे. जन्मात एका जागी न बसलेली भिंगरी तिथे बसली, ती ऑफिसला परत जायचंच विसरली. पुढच्याच महिन्यात तिने राजीनामा दिला आणि काकांकडे शिकायला जाऊ लागली.

"डोळे रंगवणार?" बाबा म्हणाले. "बाहुल्यांचे?"

"माणसांचे, बाबा."

"माणसांचे डोळे रंगवलेले असतात? आणि मला हे आत्ता सांगता?"

आईने दोन दिवस अबोला धरला. बहिणीची बाजू घेतली ती मॅडमने. "करू दे गं आई. हौस आहे. भागली की मी लावीन तिला आमच्याकडे." हे बोलताना तिला आतून फार बरं वाटलं. धाकटीने पडावं, मग आपण हात द्यावा, हा त्या दोघींचा लहानपणापासूनचा खेळ होता.

पण भिंगरी पडेना. पैसे जेमतेम मिळत, कपडे जुनेच, तरी रोज जेवताना ती काहीतरी घेऊन यायची.

"आज एक आजोबा आले होते. डोळा बसवला, आरसा दिला. बराच वेळ बघत बसले आणि म्हणतात कसे, हा नवा जास्त हुशार दिसतोय, दुसराही बदलून टाका."

आईला हसता हसता ठसका लागला. बाबांनी पाणी दिलं आणि ते स्वतःच हसत सुटले.

"आमच्याकडेही आज एक मोठं काम आलं," मॅडम म्हणाली. "तीन देशांत एकदम सुरू होणार आहे."

"हो का? छान झालं हं," आई डोळे पुसत म्हणाली. "भाजी वाढू?"

असं रोज. बाबा फिरायला गेले की लोक त्यांना थांबवायचे, "डोळे करणाऱ्या मुलीचे वडील ना तुम्ही?" बाबा घरी येऊन ते सांगायचे, आणि मॅडमला वाटायचं, आजवर मी कुणाची मुलगी होते? एकदा नवा डोळा मिळालेल्या एका बाईने नासपतीची टोपली पाठवली. मॅडमला नासपती जीव की प्राण. "मला नको, घसा धरलाय," म्हणून तिने हात लावला नाही. सगळे झोपायला गेल्यावर स्वयंपाकघरात उभ्याने दोन खाल्ल्या आणि बिया कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात पार तळाशी टाकल्या.

"बाई, माझं काय दुखतं सांगू?" ती मला म्हणाली होती. "इतकी वर्षं काम करते, पण एका अनोळखी माणसाने कधी माझे आभार मानले नाहीत. मानणार कसे? माझं काम नीट झालं म्हणजे तो माणूस फोन ठेवून निघून गेलेला असतो."

वर्षभराने काकांचा हात कापू लागला. ते आपल्या लेकीकडे राहायला निघाले, जाताना कुंचले, साचे, पॉलिशचं यंत्र सगळं भिंगरीच्या हवाली केलं. माडी मात्र मालकाने परत घेतली. आता भिंगरीला जागा हवी होती, आणि नुसती जागा नव्हे. बुबुळाचा रंग जुळवायला उत्तरेची खिडकी लागते. तिच्यातून ऊन कधी आत येत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखा. त्या घरात अशी खिडकी एकच होती. ती मॅडमच्या खोलीत.

"ताई, तू दिवसभर ऑफिसात असतेस ना. तेवढ्या वेळापुरती खोली देशील? तू यायच्या आत सगळं आवरून ठेवीन."

"माझी महत्त्वाची कागदपत्रं असतात."

"कपाटात ठेव ना. मी काय वाचणार आहे?"

"आणि परके लोक यायचे. माझ्या पलंगावर बसायचे."

"पलंगावर कशाला बसतील? खुर्ची आहे की."

"नको म्हटलं ना भिंगरी. एवढं घर मी चालवते, एक खोली माझी म्हणून राहू दे."

बाबा एवढंच पुटपुटले, "खोली काय झिजते का वापरून?" मॅडमने ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाताना ती खोलीला कुलूप लावू लागली. रिकाम्या खोलीला.

भिंगरीने स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी टेबल मांडलं. खिडकी मोठी होती, उजेडही भरपूर. फक्त शेजारच्या इमारतीला त्याच महिन्यात नवा रंग दिला होता, गडद केशरी. तिची भली मोठी भिंत या खिडकीच्या अगदी समोर. आभाळाचा उजेड आधी त्या भिंतीवर पडायचा आणि तिथून तिचा रंग घेऊन आत यायचा. रोज तिथेच वावरणाऱ्याला ते जाणवत नाही, डोळा सरावतो. काकांच्या माडीसमोर मोकळं आभाळ होतं, त्यामुळे भिंतीही रंग टाकतात हे शिकवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. दिवसाच्या उजेडात रंगव, एवढं त्यांनी सांगितलं होतं, आणि हा दिवसाचाच उजेड होता.

घरात ही गोष्ट एकीलाच माहीत होती. मॅडमला. इंटरनेट नीट चालेना म्हणून ती एकदा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसली होती, तेव्हा पडद्यावरची सहकारीण म्हणाली, "अगं, बरी आहेस ना? कावीळ झाल्यासारखी दिसतेस." मॅडम उठून आपल्या खोलीत गेली, तर कावीळ गेली. भिंगरी टेबल मांडत होती तेव्हा मॅडम समोर चहा पीत होती. पांढऱ्या कपावर पडलेली केशरी छटा तिला स्पष्ट दिसत होती. सांगायला तिने तोंड उघडलं, आणि त्यात बिस्कीट घातलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते स्टेशनातल्या तिकीट खिडकीवर बसणारी बाई. पन्नाशीची, जाड, मोठ्या आवाजाची. डाव्या डोळ्याच्या जागी पट्टी.

"लोक तिकीट कुठलं हवंय ते विसरतात हो पट्टी बघून," ती बसता बसता म्हणाली. "एकाने तर विचारलं, समुद्री चाच्यांच्या जहाजावर होतात का तुम्ही? साहेब म्हणतात, मागच्या खोलीत बसा, फायली लावा. मी म्हटलं, आयुष्यभर माणसं बघितली, आता फायलींची तोंडं बघू?"

दुसऱ्या बैठकीच्या दिवशी मॅडम घरूनच काम करत होती. भिंगरीने खोलीच्या दारावर हळूच टकटक केली. "ताई, चकती तुझ्या खिडकीशी एकदा धरून बघू? एवढंच. मनाला बरं वाटेल."

"मीटिंगमध्ये आहे," मॅडम आतून म्हणाली.

मीटिंग केव्हाच संपली होती. ती नखं कापत बसली होती.

भिंगरीने चकतीवर रंग पक्का केला, वर पारदर्शक थर चढवला, घासून पॉलिश केलं. डोळा बसवला तेव्हा स्वयंपाकघरात दोन्ही डोळे जुळ्या बहिणींसारखे दिसत होते. तिकीटबाईने भिंगरीला अशी मिठी मारली की धाकटीचा चष्मा वाकडा झाला. मॅडमने दाराच्या फटीतून ते पाहिलं. तेव्हा तिला जे झालं त्याला जळफळाट हा शब्दही सौम्य आहे. आणि त्या जळण्याच्या खाली कुठेतरी एक गार समाधान होतं, की बाहेर जाऊ दे, मग कळेल.

कळलं. मोकळ्या उजेडात उजवा डोळा तपकिरी आणि डावा सरळ हिरवट. तिकीटबाईने फोनवर शक्य तितक्या हसत हसत सांगितलं, "पोरी, एक डोळा माझा आणि एक मांजराचा झालाय गं." भिंगरी धावत स्टेशनवर गेली, खिडकीपाशी उभं राहून तिने बघितलं आणि परत आली ती पांढरीफटक होऊन. तिने तो डोळा तासाभरासाठी मागून घरी आणला होता आणि पुन्हा स्वयंपाकघरात धरला, तर तिथे रंग अगदी बरोबर! तिला काही उमजेना. आपल्याला रंगच दिसत नाहीत, काकांनी इतके दिवस नुसतं सांभाळून घेतलं, असं तिने ठरवून टाकलं. डोळा परत नेऊन दिला, कुंचले धुऊन, पुसून, डब्यात भरले. आणि संध्याकाळी मॅडमच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, तुमच्याकडे जागा बघशील माझ्यासाठी?"

मॅडमला हे वाक्य कधीपासून ऐकायचं होतं. "बघते हं," ती म्हणाली, आणि किती मायेने म्हणाली! भिंगरीच्या केसांवरून हातही फिरवला. दुसऱ्या दिवशी साहेबांशी बोलली. साहेब म्हणाले, सोमवारी पाठवा. त्या रात्री जेवताना कुणी काही गोष्ट सांगितली नाही. आईने विचारलं, "मॅडम, तुझ्या त्या तीन देशांचं काय झालं गं?" मॅडमने सविस्तर सांगितलं. सगळ्यांनी ऐकूनही घेतलं. मला ती नंतर म्हणाली, "बाई, इतकं बेचव बोलणं मी जन्मात केलं नाही. पण थांबवेना."

शनिवारी सकाळी आईबाबा दवाखान्यात गेले होते, भिंगरी काम सोडतेय हे काकांना फोनवर सांगायला धजत नव्हती म्हणून त्यांना भेटायला गेली होती. दार वाजलं. तिकीटबाई. डोळ्यांवर काळा चष्मा.

"ती नाही घरी," मॅडम म्हणाली. "पैसे परत हवे असतील तर मी…"

"पैसे कोण मागतंय? बसू का?" ती बसलीसुद्धा. "मी सांगायला आले की पोरीला बोलू नका. फोनवर रडत होती. तुम्ही थोरल्या ना? ती सांगायची, ताई फार कडक आहे, पण तिच्यामुळे मला हे करता येतं."

"असं म्हणाली?"

"हो तर. आणि खरं सांगू, डोळा चुकला तर चुकला. पण ती पोर दोन दिवस माझ्याकडे बघत बसली होती. इतकं निरखून माझ्याकडे लग्नात नवऱ्यानेही बघितलं नव्हतं. तो बिचारा जेवणाच्या रांगेकडे बघत होता."

आता मॅडमने खजील व्हायला हवं होतं. झाली असती तर ही गोष्ट जरा शोभून दिसली असती. पण तिला आला संताप. म्हणजे चुकली तरी हिचंच कौतुक! काम बिघडवून ठेवलं तरी माणसं जिना चढून येतात, हिला बोलू नका म्हणून सांगायला! या सगळ्यात आपण कुठेच नाही. डोळा बरोबर झाला असता तरी नसतो, चुकला तरी नाही. आणि मग तिला जाणवलं की चुकण्यात आपण आहोत. तेवढी एकच जागा आपली आहे.

"चूक तिची नाही," मॅडम म्हणाली. आवाज जरा चढलाच. "त्या भिंतीची आहे. या, दाखवते."

सवयीने आजही लावलेलं खोलीचं कुलूप तिने काढलं, तिकीटबाईला उत्तरेच्या खिडकीपाशी उभं केलं, चष्मा काढायला लावला. तपकिरी आणि हिरवा. मग हात धरून स्वयंपाकघरात नेलं, हातात आरसा दिला. तपकिरी आणि तपकिरी.

"अगो बाई," तिकीटबाई म्हणाली. मग शांतपणे विचारलं, "हे तुम्हाला आज कळलं?"

तिकीट खिडकीवर आयुष्य गेलेल्या बाईला खोटं ओळखू येतं. मॅडमने आरसा परत घेतला आणि तो पुसत बसली.

भिंगरी आली तेव्हा तिला मात्र उत्तर द्यावं लागलं. मॅडमने भिंतीचं सगळं सांगितलं. भिंगरीच्या चेहऱ्यावर आधी नुसता आनंद पसरला. म्हणजे मला रंग दिसतात! मग तो हळूहळू ओसरला.

"ताई, तुला कधीपासून माहीत होतं?"

"तू टेबल मांडलंस तेव्हापासून."

"आणि मी दार वाजवलं, तेव्हा मीटिंग होती?"

"नव्हती."

"मग काय करत होतीस?"

"नखं कापत होते."

भिंगरी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, मॅडमच्या हातातून किल्ली घेतली, आणि आपलं टेबल ओढत ओढत उत्तरेकडच्या खोलीत नेलं. फरशीवर टेबलाच्या पायांचा जो आवाज झाला, तो मी माझ्या घरात ऐकला. मॅडम मदतीला पुढे झाली तर म्हणाली, "राहू दे. तुझा घसा धरेल." म्हणजे नासपतीही तिला ठाऊक होत्या. पुढे कित्येक दिवस ती ताईशी कामापुरतंच बोलली. सोमवारी मॅडमने साहेबांना सांगितलं, बहीण येणार नाही. साहेब म्हणाले, काय ही आजकालची मुलं, काम कशाशी खातात ते माहीत नाही. मॅडम एरवी मान डोलवते. त्या दिवशी तिने डोलवली नाही, एवढंच.

नव्या डोळ्याच्या दिवशी तिने रजा घेतली. "मी बसू तिथे?" दारातून विचारलं.

"बस. बोलू नकोस."

मॅडम पलंगाच्या कडेवर बसली. भिंगरी तिकीटबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. एक रेघ. मान वर, डोळ्यात बघ. मान खाली, आणखी एक रेघ. रंग वाळू दे. पुन्हा रेघ. ती पुसून टाक. मॅडमने आधी खूप एकाग्रतेने बघितलं. मग तिने पाय बदलला. मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग आपला फोन कुठे ठेवलाय ते आठवू लागली. आणि तिचं तिलाच नवल वाटलं. जे काम आपल्या हातात नाही म्हणून आपण वर्षभर जळतोय, ते काम आपल्याला घटकाभर बघवतही नाही! तिला मोठी जांभई आली आणि ती तिने कशीबशी गिळली. हे काम तिला नकोच होतं. तिला ती मिठी हवी होती, वाकड्या चष्म्यासकट.

"जा ना ताई, कंटाळलीस," भिंगरी मागे न बघता म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून बोलली होती.

"नाही. बसते."

अखेर भिंगरीने कुंचला ठेवला. वरचा पारदर्शक थर चढवण्याआधी चकतीवर पाण्याचा थेंब ठेवून रंग बघतात, कारण ओला रंगच खरा दिसतो. तिने थेंब ठेवला, चकती काडीवर धरून तिकीटबाईच्या चांगल्या डोळ्याशेजारी नेली. खिडकीत रंग जुळत होता. पण गेल्या खेपेलाही जुळला होता. भिंगरीने चकती खाली घेतली.

"खाली रस्त्यावर बघायला हवं," ती म्हणाली. "पण मी नाही बघू शकत. मला आता तेच दिसेल जे मला हवंय. ताई, तू जाशील?"

ज्या बहिणीने दिसत असून सांगितलं नव्हतं, तिलाच ती बघायला पाठवत होती. तिकीटबाईने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि चपला घातल्या.

मी त्या वेळी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. रस्त्याच्या मधोमध मॅडम, ऑफिसच्या कपड्यांत, एका हाताने तिकीटबाईची हनुवटी धरून, दुसऱ्या हातातली काडी तिच्या डोळ्यापाशी नेऊन उभी. एक सायकलवाला थांबून बघू लागला. "काय बघताय? तिकीट पाहिजे?" तिकीटबाईने त्याला हाकललं. मॅडमने पाण्याचा थेंब पुन्हा ठेवला. मान तिरकी केली. सावलीत नेऊन बघितलं, पुन्हा उन्हात आणलं.

वर घराच्या खिडकीतून भिंगरी अर्धी बाहेर आली होती. "काय गं? जुळतोय?"

मॅडमने काडी आणखी जवळ नेली. मग मान वर करून म्हणाली, "कडेला तांबूस जास्त झालाय. मधे बरोबर आहे. कडेला नाही."

"नक्की?"

"नक्की."

भिंगरी खिडकीत तशीच ओणवी राहिली. मग तिने सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "खरं सांगतेयस की जळतेयस?"

"दोन्ही," मॅडम खालून ओरडली. "रंग ओला कर, मी हिला वर आणते."